चिंध्यांच्या निसर्गचित्राला गम नको, सुई हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या शिबिरांमध्ये कापडाच्या तुकड्यांपासून निसर्गचित्र करायला शिकवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यावर गमने चिंध्या चिकटवून घेतल्या जातात. गम वाळला की कापड पत्र्यासारखं ताठ होतं, पोत मरतो आणि नंतर सुईही जात नाही. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात पुठ्ठा ओल धरून वाकतो. गव्हाची खळ लावली तर बुरशी आणि कसर लागते. वाकळ (गोधडी) शिवणाऱ्या या भागात मुलांना सुईच द्यायला हवी.

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवर आणि शिंप्यांकडे तुकडे सहज मिळतात. पण त्यांत पॉलिस्टर आणि मिश्र धागाही असतो. त्याचे दोन धागे काडीने जाळून पाहावेत. सुताची मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून कडक मणी उरतो. पॉलिस्टरवर झाडपाल्याचा रंग बसत नाही. गुळेदगुड्ड खणाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग सुटला तर तो चित्रात घेऊ नये, शेजारचं आभाळ डागाळतं.

रंगवण्यासाठी १०० ग्रॅम कोरडं सुती कापड धरा. चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते तासभर उकळून स्वच्छ खळबळावं. कांजी आणि तेलकटपणा राहिला तर रंग डागाडागांनी चढतो, आणि नवं कापड आधी आटवलं नाही तर शिवल्यावर आटून चित्र गोळा होतं. मग २० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर भिजवून, न धुता सावलीत वाळवावं. नंतर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर ठेवावं. हिरडा वगळून नुसती तुरटी दिली तर सुतावर ती नीट धरत नाही. पुष्कळांचा रंग याच घाईत फसतो.

१०० ग्रॅम वाळलेल्या डाळिंबाच्या साली तासभर उकळून गाळल्या की पिकल्या शेताचा पिवळा मिळतो. कांद्याच्या सालीने नारिंगी-तपकिरी येतो. खानापूरच्या तांबड्या मातीसाठी मंजिष्ठेची मुळी घ्यावी, मात्र खळखळ उकळू नये, लाल मरून तपकिरी होतो. हळद टाळावी, उन्हात ती उडून जाते. गंजके खिळे, गूळ आणि पाणी दोन आठवडे आंबवून केलेल्या लोहपाण्यात हिरड्यात भिजवलेलं कापड दोन-तीन मिनिटं बुडवलं की राखाडी ते काळा रंग येतो. बैलहोंगलकडच्या काळ्या रानाला तोच लागतो. डाळिंबाने पिवळं झालेलं कापड लोहपाण्यातून काढलं तर हिरवट खाकी, म्हणजे लांबचं रान. लोहपाणी जास्त झालं तर सूत कुजतं, म्हणून लगेच भरपूर पाण्यात धुवावं. भांडं स्टीलचं आणि स्वयंपाकाबाहेरचं असावं. कापड लहान भांड्यात चुरगळून घातलं तर रंग कमीजास्त चढतो. वाकळीला हा दोष ठरेल, पण डोंगराला अशीच छटा हवी.

३० बाय ४० सेंटिमीटरच्या चित्राला पायाचा मांजरपाट (कोरं सुती कापड) ३८ बाय ४८ चा कापावा, टाके घालताना तो आत ओढला जातो. त्यावर जुनं मऊ लुगडं, त्यावर चित्र. आभाळ आधी, मग लांबचे डोंगर जुन्या मलमलीच्या फिक्या थरांनी, आणि पुढे येताना जाडंभरडं कापड. डोंगराची कड तिरकी कापावी म्हणजे उसवत नाही. गवताला मात्र सरळ कापून काठाचे पाच-सहा मिलिमीटर आडवे धागे ओढून काढावेत. नांगरट धावदोऱ्याची: जवळच्या सऱ्या सेंटिमीटरभर अंतरावर, क्षितिजाकडे दाटत जाणाऱ्या, आणि दोरा किंचित ओढलेला, म्हणजे सरी उठून दिसते. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पुरतात.

टाके मधल्या भागापासून काठाकडे घालत जावेत, नाहीतर मधे फुगा राहतो. हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, याच्या उलट काठापासून आत शिवत जातात. त्यांना ते जमतं, कारण त्या एकेक तुकडा दुमडून लावत पुढे जातात. आधी मांडून ठेवलेल्या चित्राला ती रीत चालत नाही. त्यांची कवंदी मुलांना प्रत्यक्ष दाखवता आली तर फार बरं.

लटकवण्यासाठी मागे वरच्या काठाला ७ सेंटिमीटरची पट्टी शिवून त्यात काठी घालावी. काच लावायची झाली तर कापडाला टेकू देऊ नये, आत दमटपणा कोंडतो.

शिबिर घेणाऱ्यांना विनंती, की रंगकामाचे तीन-चार दिवस वेगळे ठेवावेत आणि ते पावसाआधी उरकावेत. एकाच दिवसात रंगवून शिवायला लावलं की दमट कापडावर टाके पडतात आणि वाळताना ते सैल होतात.

आपल्या,
वाकळ शिवणाऱ्या काही भगिनी,
शहापूर, बेळगाव