सनद कोणाची, अधिकार कोणाचा?

मा. संपादक, यांस सप्रेम नमस्कार.

महापालिकांच्या इतिहासाची चर्चा निघाली की राजाने शहराला सनद दिली आणि तेथून स्थानिक स्वराज्य सुरू झाले, असे सहजपणे लिहिले जाते. सनदी शहरांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

लंडनला विल्यम राजाने 1067 मध्ये दिलेली सनद म्हणजे हाताच्या पंजावर मावेल एवढा चर्मपत्राचा तुकडा. पूर्वीच्या राजाच्या काळातले कायदे चालू राहतील आणि मुलगा बापाचा वारस ठरेल, एवढेच आश्वासन त्यात आहे. नगरसभेचा उल्लेखही नाही. दरवर्षी महापौर निवडण्याचा हक्क जॉन राजाने 1215 मध्ये दिला, तोही निवडलेल्या महापौराने राजापुढे हजर व्हावे या अटीवर. या सनदांमुळे शहराला स्वतःची मिळकत, स्वतःची मोहोर आणि कोर्टात स्वतःच्या नावाने उभे राहण्याची सोय मिळाली, हे मोठेच काम होते. पण जे राजाने दिले ते राजाला काढूनही घेता येत असे. दुसऱ्या चार्ल्सने 1683 मध्ये न्यायालयामार्फत खुद्द लंडनचीच सनद रद्द करवली.

गंमत अशी की, इंग्लंडमधल्या शहरांच्या सनदांवर अशी संक्रांत आलेली असतानाच दुसऱ्या जेम्सच्या संमतीने ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला सनद दिली आणि 29 सप्टेंबर 1688 रोजी तेथील कॉर्पोरेशन सुरू झाले. त्याच्या 12 आल्डरमनांत, म्हणजे नगरसभेच्या ज्येष्ठ सभासदांत, इंग्रजांबरोबर पोर्तुगीज, ज्यू आणि हिंदू व्यापारीही होते, कारण कंपनीला गावाकडून कर हवा होता आणि तो गावच्याच माणसांनी बसवावा असा हिशेब होता. कर देण्यास लोक राजी झाले नाहीत, हा भाग निराळा. पुढे 1726 च्या सनदेने मुंबईलाही महापौर आणि नऊ आल्डरमन मिळाले. मात्र महापौर आणि सात आल्डरमन इंग्रजच असावेत अशी अट होती आणि त्यांचे मुख्य काम दिवाणी दावे चालवणे हे होते. त्या संस्थेला आपल्या नगरपालिकेची आजी म्हणणे मला तरी पटत नाही. इंग्लंडमध्येही 178 शहरांतील आपापसांत जागा वाटून घेणाऱ्या मंडळींची सद्दी मोडली ती 1835 च्या कायद्याने, करदात्यांना मत देऊन.

आपल्याकडे 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना राजाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली सनद दिली असे मानले जाते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, हे कलम 243 यू मध्ये स्पष्ट आहे. तरीही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळातल्या अंदाजपत्रकांवर सभागृहात एकाही नगरसेवकाला बोलता आले नाही. शहराच्या प्राचीनतेवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी तेव्हा रिकाम्या राहिलेल्या सभागृहाबद्दलही लिहावे, अशी विनंती आहे.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई