मावशी, तुम्ही आधी आईला विचारलंत

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपलं नाव चारचौघांत आलेलं, आजारी माणसांच्या देखभालीला मावश्या पाठवणाऱ्या ब्युरोला खपत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. पण सांगलीत ज्यांच्याकडे तुम्ही काम केलंय, ते दोन ओळींत ओळखतील.

आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. घरी सोडताना फाइलमध्ये गोळ्यांची यादी होती, व्यायामाचा कागद होता, पुढच्या तपासणीची तारीख होती. सकाळी आठ ते रात्री आठ या माणसाशी वागायचं कसं, हे त्यात कुठेच नव्हतं. ते तुमच्याकडून आलं.

तुम्ही आलात त्या दिवशी मी दारातच ‘यांना काय काय लागतं’ सांगायला सुरुवात केली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मग आईसमोर स्टूल ओढून बसलात. “बाई, मी आलेय. चहा घेणार की दूध?” दोन्ही कप तिच्यापुढे धरलेत. आई म्हणाली, “खुर्ची,” आणि डाव्या हाताचं बोट चहाकडे. तुम्ही हसला नाहीत, शब्द सुधारायलाही गेला नाहीत. “चहा. बरं.” एवढंच. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या आईला घरी कुणी बाई म्हणत नसे. तुम्ही पहिल्या मिनिटापासून म्हणालात. आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचात. आम्हा घरच्यांना ते गप्प बसणं आजही पुरतं जमत नाही.

चहासुद्धा साधा नसायचा. पातळ पदार्थानेच जास्त ठसका लागतो, म्हणून स्पीच थेरपिस्टने दिलेली पावडर घालून दाट केलेला. आई ताठ बसलेली, हनुवटी जरा खाली, एका वेळी एकच छोटा चमचा, आणि गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, यावर आईने कितीही डोळे वटारले तरी तुम्ही बधला नाहीत.

पाढ्यांची युक्तीही तुमचीच. “बाई, मला पाढे येत नाहीत, तुम्ही म्हणा.” जिला माझं नाव उच्चारता येत नव्हतं, ती बे एके बेपासून बे दाही वीसपर्यंत न अडखळता गेली! मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, हात तसेच घेऊन बाहेर आले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पाढे, वार, महिने असं घोकलेलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं, पण मनातलं नवं वाक्य जुळवणं ही वेगळी गोष्ट. म्हणजे पाढ्यांनी वाचा परत आली असं नाही. त्यासाठी थेरपिस्टचे कंटाळवाणे व्यायामच करावे लागले. पण आपला आवाज अजून आहे, हे आईला त्या दिवशी कळलं. (त्यानंतरचा तिचा पहिला स्वच्छ शब्द ‘मेल्या’ होता, दार उघडं टाकून गेलेल्या सिलेंडरवाल्याला. वर्गात असला शब्द काढणाऱ्याला तिने बाकावर उभं केलं असतं.)

भेटायला येणाऱ्यांचा समाचारही तुम्हीच घेतलात. मामा प्रेमाने लुळा हात धरून तिला उठवायला निघाले, तर “दादा, हाताला ओढायचं नाही, खांदा निसटतो,” म्हणून तुम्ही मध्ये उभ्या. कपडे घालताना आधी अधू हात, काढताना तो शेवटी. गाऊन आईला नको होता, तर ब्लाउजचे हूक काढून व्हेलक्रो लावून आणलात. शिंप्याचे पैसे किती झाले, ते अजून सांगितलेलं नाही.

आणि नोव्हेंबरमधली ती बँक. हयातीच्या दाखल्याला माणूस घरी बोलावू, असं मी म्हणत होते. तुम्ही आईला विचारलंत. तिने मान हलवली, पर्स मागितली. दुसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसताना, फिजिओने शिकवल्याप्रमाणे आधी अधू पाय खाली, मग चांगला. कमरेच्या पट्ट्याला तुमचा हात. बँकेत सही जुळेना म्हणून अंगठा घ्यायचं ठरलं. अंगठा म्हणताच आईचा चेहरा पडला. तुम्ही काउंटरवरच्या माणसाला म्हणालात, “बाईंनी निम्म्या गल्लीला सही करायला शिकवलंय. अंगठा घ्या, पण कोऱ्या कागदावर त्यांना सहीपण करू द्या.” आईने डाव्या हाताने नाव लिहिलं, वाकडं, पण काना-मात्रेसकट. तो माणूस थांबला, हे त्याचंही भलेपण.

आता आई घरात काठीने चालते. शब्द हळू येतात, संध्याकाळी दमली की अजिबात येत नाहीत. हात तेवढा अजून ऐकत नाही.

तुमच्या रजेचे पैसे ब्युरोने कापले होते. ते मी बाजूला ठेवलेत. फोनवर तुम्ही ‘नको’ म्हणालात, पण आईने ते हिशेबाच्या वहीत तुमच्या नावावर लिहायला लावलेत आणि वही रोज उघडून बघते. एखाद्या रविवारी येऊन घेऊन जा. जेवायलाच या.

तुमची,
बाईंची मुलगी