विठाबाईंच्या पाठीवर 'येथे थुंकू नये'

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : चोवीस कर्तबगार स्त्रियांचे फलक परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ८ मार्च २०२३ रोजीचे सोलापूर येथील भाषण (तोंडी).

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सोलापूरची एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. आपल्याला मी आठवत असेन असा माझा गैरसमज नाही. महिला दिनाच्या त्या कार्यक्रमात आपल्या हस्ते मला एक नारळ आणि एक शाल मिळाली होती. शाल सोलापुरात दिली असली तरी सोलापूरची नव्हती, हे जाता जाता.

आपण फीत कापलीत त्या सभागृहाच्या भिंतींवर चोवीस फलक लावले होते. ते मी रंगवलेले. प्लायवूड, चार बाय तीन फूट, तैलरंग. प्रत्येकावर एका बाईचा चेहरा आणि खाली तिच्याविषयी आठ-दहा ओळी. अकरा महिने लागले. आपण कान्होपात्रेच्या फलकाशेजारी उभे राहून फोटो काढून घेतलात आणि माइकवर म्हणालात, हे फलक सोलापूरची संपत्ती आहेत, सहा महिन्यांत यांचं कायमस्वरूपी दालन उभं राहील, जागा मी पाहून ठेवली आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि फलक घेऊन गेली. पावती मागितली तर म्हणाली, "साहेबांनीच सांगितलंय मॅडम, सुरक्षित ठेवायचेत."

गेल्या मंगळवारी मी ते सुरक्षित ठेवलेले फलक पाहून आले. म्हणून हे पत्र.

आषाढी होऊन आठवडा झाला होता. एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला गोदाम आहे, तिथे फलक आहेत असं कळलं. अंगणात पाण्याचा नळ आहे. नळाच्या आडोशाला एक प्लायवूड उभं केलेलं होतं आणि त्यावर लाल रंगात लिहिलं होतं, 'येथे थुंकू नये'. अर्थात त्याच्यावरच लोक थुंकले होते. वरून खालपर्यंत गुटख्याचे ओघळ. माझी नजर गेली ती कडेला. कडेला हिरवी पट्टी होती, बोटभर रुंद. तशी पट्टी मी माझ्या चोवीस फलकांना मारली होती. मी वळसा घालून भिंत आणि प्लायवूड यांच्या फटीत डोकं घातलं. विठाबाई होत्या. तोंड भिंतीकडे. ओलीने प्लायवूडचे पदर सुटलेले, नऊवारीचा जांभळा रंग पोपडे धरून गळून पडलेला. डोळे तेवढे शाबूत होते. त्या डोळ्यांवर मी नऊ दिवस घालवले होते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आपल्याला नाव ठाऊक असणारच, कारण त्यांच्या नावाने राज्य शासन २००६ पासून तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. नाव नारायणगावचं, पण जन्म पंढरपूरचा, १९३५ सालचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. दिवस भरलेले असताना ही बाई बोर्डावर नाचत होती. कळा आल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर येऊन उभी राहिली. तमाशाच्या कनातीत हा प्रसंग आजही सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान झाला, १९५७ आणि १९९० साली. आणि २००२ साली गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागलं. एवढं सगळं मी फलकावर दहा ओळींत लिहिलं होतं. आता तिच्या पाठीवर तुमच्या लोकांनी तीनच शब्द लिहिले आहेत.

गोदामातल्या मुलाला मी विचारलं, हे कुणी केलं? तो बिचारा रोजंदारीवरचा. म्हणाला, "कशाला त्रास करून घ्यायलाव ओ मॅडम, फळकूटच हाय की."

मग मी बाकीचे मोजले. पंधरा भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यातल्या सहांना वाळवी. चार सापडलेच नाहीत. पाच 'वापरात' आहेत. वापरात कसे, तेही ऐका. एकाचं विठाबाईंचं सांगितलं. एक कपाटामागे टेकू म्हणून. दोन तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला मागून आधार म्हणून, आणि त्यातला एक कान्होपात्रेचा. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, पंधराव्या शतकातली, शामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईचा धंदा नको म्हणून विठ्ठलाकडे गेली. बिदरच्या बादशहाची माणसं तिला न्यायला आली तेव्हा तिने पांडुरंगाच्या पायाशी देह ठेवला, अशी परंपरा आहे, आणि तिथे तिचं तरटीचं झाड दाखवतात. बादशहाला नेता आली नाही ती तुमच्या कार्यकर्त्यांनी नेली. खिळे तिच्या कपाळातून गेलेत. पुढच्या बाजूला तुम्ही हात जोडून हसता आहात.

पाचव्या फलकाचं नंतर सांगते.

आता थोडं तुमच्या भाषणाविषयी. (इथवर 'आपण' म्हणत होते, मघापासून 'तुम्ही' व्हायला लागलंय. असू द्या.) तुम्ही म्हणाला होतात की अहिल्याबाई होळकरांनी पाठीशी मूल बांधून किल्ल्यावरून घोडा फेकला. ती गोष्ट झाशीची, महोदय, लक्ष्मीबाईंची, आणि अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी सांगितली जाणारी. तुमच्या मागे चार फुटांवर अहिल्याबाईंचा फलक होता. मान वळवली असती तरी भागलं असतं. त्यावर लिहिलं होतं : जन्म ३१ मे १७२५, चौंडी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. १७६६ साली ते गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही तेव्हा बाईने राज्य हातात घेतलं आणि १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, महेश्वरहून चालवलं. काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं ते सगळ्यांना माहीत असतं. महेश्वरात विणकर आणून वसवले हे मात्र कुणी सांगत नाही. सोलापूरसारख्या मागांच्या गावात, जिथे एकेक माग भंगारात जाताना आम्ही पाहिलाय, तिथे भाषणात नेमकं हेच सांगावंसं वाटू नये? आणि शेवटची ओळ मी मुद्दाम लिहिली होती. १७९१ साली अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई सती गेली. स्वतः सतीतून वाचलेली, एवढं राज्य चालवणारी आई लेकीला अडवू शकली नाही. ती ओळ लिहिताना माझा ब्रश थांबला होता.

पण घोडा सोपा पडतो. घोड्यावरची बाई पुतळ्यातही चांगली दिसते. २०१९ साली आमच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव लागलं, नगरचं अहिल्यानगर झालं, २०२५ च्या ३१ मे ला त्रिशताब्दीही झाली. मला त्याचा आनंदच आहे. त्याच त्रिशताब्दीच्या दिवशी त्यांचा फलक वाळवीला घातलेल्या सहांत होता, एवढंच म्हणते.

माझ्या खर्चाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. प्लायवूड, रंग, सुतार धरून त्रेपन्न हजार. बिलं आहेत; हजार-दोन हजार इकडेतिकडे. त्या एका दिवसाच्या मांडवावर, गालिच्यावर आणि ढोल-ताशावर दीड लाख गेले म्हणतात. मंडपवाल्याचा पुतण्या माझा विद्यार्थी, तो दोन म्हणतो. तुम्ही तीन म्हणालात तरी मी मान्य करीन. माझे त्रेपन्न हजार निवृत्तीच्या पैशातले. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेल्यातून उचलले होते. मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "आई, या सगळ्या बायका मेल्यात, तुझा गुडघा जिवंत आहे." मी तिच्यावर चिडले होते. आता तिच्याशी या विषयावर बोलत नाही, कारण ती काही म्हणत नाही, नुसती बघते.

दालनाचं काय झालं हे विचारायला पहिल्या वर्षी अकरा वेळा गेले. दुसऱ्या वर्षी मोजणं सोडलं. तिसरा मजला. लिफ्टच्या दारावर 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी आहे. चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते, अक्षर सुरेख आहे, अंतर नेमकं आहे, आणि ती ऑइलपेंटने रंगवलेली आहे. म्हणजे लिफ्ट बंद राहणार आहे हे ठरवूनच. या इमारतीत कायमस्वरूपी म्हणून मला दिसलेली ती एकच गोष्ट. वर गेलं की आधी कळायचं, साहेब बदलले. मग, जागेचा वाद आहे. मग, फाईल मुंबईला गेली. २०२४ साली आधी लोकसभेची आचारसंहिता, मग विधानसभेची. निवडणूक झाली की नवं टेबल, आणि नव्या टेबलावर पहिला प्रश्न, "कसले फलक?" एका साहेबांनी तर मला सुचवलं की मी दालनाचा प्रस्ताव नव्याने द्यावा, तीन प्रतींत, आणि त्यात 'या स्त्रियांचे समाजाला उपयुक्त असे योगदान' हा रकाना भरावा. रकान्यात मावेल एवढंच. विठाबाईंचं काय लिहू? कान्होपात्रेचं उपयुक्त योगदान काय?

मी तरी म्हणते, चूक त्या साहेबांची नाही. आपल्याकडे बाईचं नाव द्यायला एक शासन निर्णय पुरतो आणि पाटी एका दिवसात रंगते. तिने काय केलं ते सांगायचं तर भिंत लागते, छप्पर लागतं, दिवे लागतात, रोज कुलूप उघडणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगार लागतो. त्यासाठी लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबात खर्चाचं खातं, नसतं. फ्लेक्सला लागतं का लेखाशीर्ष? नाही. तरी सात रस्त्यापासून स्टँडपर्यंत आभाळ दिसत नाही. कुणाचाही वाढदिवस असो, वीस चेहरे, आणि बाई असलीच तर कोपऱ्यात, कुणाची तरी पत्नी म्हणून.

न सापडलेल्या चारांत शशिकलाबाई आहेत. सिनेमातल्या. जवळकर घराण्यातली मुलगी, १९३२ साली सोलापुरातच जन्मली, वडिलांचा धंदा बुडाला म्हणून घर मुंबईला गेलं आणि पोरवयात ती स्टुडिओची दारं ठोठावत हिंडली. 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर, २००७ साली पद्मश्री. पडद्यावर जन्मभर दुष्ट बायका केल्या आणि मधेच सगळं सोडून मदर तेरेसांकडे आजाऱ्यांची सेवा करायला गेल्या. गोदामातला मुलगा म्हणाला, "ती हिरॉइन होय? ती कुणीतर घरी नेली बगा." चला, निदान एकीला कुणीतरी आवडीने नेलं.

आता पाचवा.

माझी आई बिड्या वळायची. पूर्व भागात दहा बाय दहाच्या खोलीत, मांडीवर सूप घेऊन, दिवसाला हजार. तपासणारा मूठभर बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीत तिला घर मिळालं, साठी ओलांडल्यावर, स्वतःच्या नावावर. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. शेजारच्या पद्मशाली आजी मला तेलुगूत विचारायच्या, "गोदूताई एवरम्मा?" म्हणजे, कोण गं ही? एकीला ती देवी वाटायची, दुसरीला बिल्डरची आई. कायद्याची पदवी घेतलेली बाई १९४५ साली ठाण्याच्या जंगलात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करायला गेली, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून मी चोवीसांतला पहिला फलक गोदूताईंचा रंगवला, आईच्या घरी, तिच्या ओट्यावर. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि अंगठ्याने खालचा कोपरा चाचपून पाहिला, चादरीचं सूत बघावं तसा. रंग ओला होता. ठसा उमटला. मी तो पुसला नाही. आई त्याच वर्षी गेली.

तो फलक इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. मी गच्चीपर्यंत चढून गेले, गुडघ्यासकट. टाकीच्या तोंडाला बसावा म्हणून त्याचा एक कोपरा करवतीने कापलेला आहे. उजवीकडचा, खालचा.

मला दालन नको. ते तुम्ही तुमच्याच नावाने बांधा, लवकर होईल. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी टेम्पो घेऊन येते. भाडं सातशे ठरलंय, ते माझ्याकडचं. सोबत दोन माजी विद्यार्थी असतील. तुम्ही दिलेली शालही आणते आहे; विठाबाईंना गुंडाळायला बरी पडेल. वीस फलकांचा गेटपास तेवढा काढून ठेवायला सांगावा. वीसच, कारण चार नाहीत.

कळावे,
आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सोलापूर

ता. क. : टाकीला नवीन झाकण लागेल. त्याची सोय सोमवारच्या आत करावी. कर्मचारी तेच पाणी पितात.