येत्या रविवारी हुरडा, बार्शी तालुका

मंडळी, या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ आपल्या एलजीबीटी ग्रुपची (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे आपण सगळे) भेट आहे, बार्शीजवळच्या एका शेतात. शेत आपल्यातल्याच एकाचं आहे. नेमका पत्ता ग्रुपवर टाकणार नाही. शुक्रवारपर्यंत मला वेगळा मेसेज करा, मी फोनवर सांगेन. सकाळी १० म्हणजे बार्शी स्टँडवरून जीप निघायची वेळ.

हुरडा मुद्दाम ठेवला. या दिवसांत आगटीभोवती दहा-पंधरा जण बसलेले दिसले तर गावात कुणी काही विचारत नाही. घरी सांगायलाही सोपं जातं. पुण्या-मुंबईसारखं गर्दीत हरवून जाणं आपल्याला जमत नाही, इथे गाडीच्या नंबरावरूनही माणूस ओळखतात. म्हणून हे कृपया पाळाच:

- फोटो, रील, लोकेशन काहीही नाही. स्वतःचं सुद्धा नाही.
- ज्याने जे नाव सांगितलं तेच वापरायचं. बाहेर भेट झाली तर आधी त्याने ओळख दाखवू द्या.
- १८ वर्षं पूर्ण असलेल्यांनीच यावं. दारू नको.
- नवीन कुणाला आणायचं असेल तर आधी विचारा.

हुरडा, गूळ, दही शेतावर आहे. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी तुम्ही आणा. वर्गणी १०० रुपये, अडचण असेल तर देऊ नका, पण या.

ज्यांना जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी ओळखपत्र काढायचंय त्यांनी आधार कार्ड आणावं, अर्ज तिथेच ऑनलाइन भरू.

परतीच्या एसटीची वेळ आधीच बघून ठेवा. मुक्कामाची सोय नाही.