रेडिओ क्लबच्या जेटीवर आधी रोजच्या प्रवाशाचा विचार करा : बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

२० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पियरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय, एका वेळी ५ जहाजं लागण्याची व्यवस्था, चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर, शिवाय गाड्यांसाठी पार्किंग. मुंबईच्या बंदराला असं टर्मिनल फार पूर्वीच मिळायला हवं होतं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते केंद्राच्या अखत्यारीत येतं, हेही मला ठाऊक आहे. पण तिथून टॅक्सीने थोड्याच मिनिटांवर असलेल्या गेटवेच्या धक्क्यावरून वर्षाला ३० लाखांहून जास्त माणसं बोटीने ये-जा करतात. गेटवेजवळ, कुलाब्याच्या रेडिओ क्लबपाशी होणाऱ्या नव्या जेटीची गरज पटवून देताना शासनाने हाच आकडा पुढे केला होता. क्रूझ टर्मिनलच्या क्षमतेच्या तिप्पट प्रवासी, आणि त्यांच्यासाठी काय आहे? दगडी पायऱ्या.

मी अलिबाग तालुक्यातला. मांडव्याच्या लाँचने मुंबईला जाणं आमच्याकडे कुणाला सहल वाटत नाही. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, नोकरी, नातेवाइकांचं मयत, सगळं याच बोटीवर अवलंबून असतं. समुद्रातून तासाभराचं अंतर, तेच रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास. अटल सेतू झाल्यापासून गाडीवाल्याचं काम सोपं झालं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला लाँचच.

गेटवेला बोटीत कसं चढतात, ते सविस्तर सांगतो. धक्क्याला एक बोट लागलेली असते, तिला चिकटून दुसरी, कधी तिसरी. आपली बोट सगळ्यात बाहेरची असेल तर आधीच्या दोन्ही बोटींच्या कठड्यांवरून पलीकडे जायचं. ओहोटी असली की पाण्याखालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. बोट वर-खाली होत असते. खलाशी आधी सामान घेतो, मग दंडाला धरून माणसाला ओढून घेतो. माझ्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मुंबईत झालं. तपासणीला जाताना ती एक पाय पायरीवर आणि एक पाय हवेत ठेवून उभी राहते, दोन खलाशी तिच्याकडे बघत लाट खाली जायची वाट बघतात आणि ‘आजी, आता!’ म्हणतात. त्या पोरांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण गुडघे बदललेल्या बाईने लाटेचा अंदाज घेत बोटीत चढायचं, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. व्हीलचेअरवरचा माणूस तर या वाटेने येऊच शकत नाही. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, हे काही नव्याने कळलेलं नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता तराफा आणि त्याला जोडलेली कठडेवाली उतरंड, हा त्यावरचा जगभरचा उपाय आहे. नवी जेटी बांधताना तो प्रत्येक बोटीच्या जागेला असलाच पाहिजे. एक-दोन ठिकाणी तराफा आणि बाकी ठिकाणी पायऱ्या, असं करू नका.

१८ डिसेंबर २०२४ ला ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ माणसं गेली. घारापुरीला निघालेली बोट होती. धडक हेच कारण, त्यात वाद नाही. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, हेही समोर आलं. नंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. ते योग्यच झालं. पण बोटीत किती माणसं चढली हे मोजायला जागाच नसेल, रांग तिकीट खिडकीपासून थेट पायरीवर येऊन फुटत असेल, तर मोजणार कोण आणि कुठे उभं राहून? प्रत्येक बोटीसाठी वेगळी प्रतीक्षा जागा आणि तिथून मोजून सोडणारा दरवाजा, एवढं झालं तरी निम्मा गोंधळ कमी होईल.

आता नव्या जेटीबद्दल. रेडिओ क्लबजवळ २२९ कोटींची जेटी होते आहे. कुलाब्याच्या रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२५ मध्ये न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. मी जेटीच्या बाजूने आहे. पण आराखड्यात जे ठळकपणे दिसतं ते असं : १५० गाड्यांचं पार्किंग, व्हीआयपी लाउंज, अ‍ॅम्फीथिएटर. अ‍ॅम्फीथिएटरची जागा करमणुकीसाठी न वापरता प्रवाशांना थांबण्यासाठीच वापरायची, ही अट न्यायालयाला घालावी लागली. खरं तर ती गोष्ट आराखडा करणाऱ्यांच्या मनात पहिल्या दिवशीच यायला हवी होती.

पार्किंगचं मला मुळात पटत नाही. तीस लाख प्रवाशांपैकी कुलाब्यात गाडी लावून अलिबागला जाणारे किती? बहुतेक शनिवार-रविवारी फार्महाउसवर जाणारे. त्यांच्या गाड्या दोन-दोन दिवस तिथेच उभ्या राहणार, आणि त्या आत-बाहेर करण्यासाठी रामचंदानी मार्गासारखा चिंचोळा रस्ता वापरला जाणार. ज्याला गाडी बरोबर न्यायची आहे त्याच्यासाठी २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहेच. रेडिओ क्लबला गरज आहे ती गाड्या थांबवून ठेवण्याच्या जागेची नव्हे, तर माणूस उतरवून लगेच पुढे जाण्याच्या जागेची. रुग्णवाहिका आत येऊ शकेल अशी, टॅक्सी दोन मिनिटं थांबू शकेल अशी, छत असलेली. आज गेटवेला टॅक्सी बॅरिकेडबाहेर सोडते. तिथून सामान उचलून, सुरक्षा तपासणीची रांग लावून, पर्यटकांच्या आणि फोटोवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत धक्क्यावर यायचं. २६/११ नंतर सुरक्षा हवीच, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण बोट पकडायला आलेल्याची आणि गेटवे बघायला आलेल्याची रांग एकच का?

परतताना त्रास आणखी वाढतो. संध्याकाळची बोट गेटवेला लागली की सगळे एकदम बाहेर पडतात. टॅक्सीवाले सीएसएमटीसाठी मीटर टाकायला तयार नसतात, तोंडाला येईल तो आकडा सांगतात. लेकरू कडेवर आणि हातात दोन पिशव्या असलेली बाई तिथे घासाघीस करत बसू शकत नाही. ती मुकाट्याने पैसे देते.

यावरचा उपाय आम्ही रोज बघतो. मांडव्याला उतरलं की अलिबागची बस उभी असते, तिचे पैसे बोटीच्या तिकिटातच धरलेले असतात. बोट आली की बस भरते आणि निघते. वर्षानुवर्षं खासगी लाँचवाले हे करत आले आहेत. मग मुंबईच्या बाजूला बेस्टची बस बोटीच्या वेळेला का जोडली जात नाही? ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. जेटी ते हुतात्मा चौक मेट्रो, चर्चगेट आणि सीएसएमटी, एवढीच फेरी, बोटीच्या तिकिटात धरलेली. बेस्ट, मेट्रो आणि आपलं खातं वेगवेगळ्या हातांत आहे हे मान्य. म्हणूनच हे पत्र मंत्र्यांना लिहितो आहे, कारण एवढ्यांना एका टेबलाभोवती बसवणं जेटीवरच्या कर्मचाऱ्याच्या आवाक्यात नाही.

स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि शेवटच्या बोटीची वेळ मराठीत लिहिलेला मोठा फलक, हेही मागावं लागू नये.

पावसाळ्याचं एक राहिलं. मे अखेरीपासून गेटवेच्या लाँच बंद होतात त्या सप्टेंबरपर्यंत. तेवढे महिने आम्ही भाऊच्या धक्क्यावर : रो-रो, नाहीतर रेवसची लाँच. नवी जेटी झाली तरी पावसाळ्यात तिथून बोटी सुटणार का, हे आजवर कुणी आम्हाला स्पष्ट सांगितलेलं नाही. सुटणार नसतील तर २२९ कोटींच्या बरोबरीने भाऊच्या धक्क्यावरचं शेड आणि डॉकयार्ड रोड स्टेशनपासूनची बस यांचाही विचार व्हावा. भर पावसात मासळीच्या टेम्पोंमधून वाट काढत तिथे पोहोचणारी माणसंही तीच आहेत.

आपल्याकडे मागणं एकच. जेटीच्या आतली रचना पक्की होण्याआधी मांडवा, रेवस, उरणजवळचा मोरा आणि घारापुरीच्या प्रवाशांची आणि लाँचवाल्यांची एक बैठक घ्या. तीत बेस्टचे आणि वाहतूक पोलिसांचे अधिकारीही असू द्या. घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदरच्या लोकांना तर बोटीशिवाय दुसरा रस्ताच नाही, त्यांना आवर्जून बोलवा. बैठक रविवारी ठेवू नका, त्या दिवशी खलाशांना आणि तांडेलांना बोटीवरून हलता येत नाही. मधल्या वारी दुपारी ठेवलीत तर सगळे येतील.

कळावे,

आपला,
मांडव्याच्या लाँचचा एक प्रवासी
ता. अलिबाग, जि. रायगड