कार्ड मिळालं, पुढे काय?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी धाकटी बहीण जन्मापासून सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), आम्ही गुहागर तालुक्यातले. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, तीनदा पहाटेची एसटी पकडून रत्नागिरी गाठली, दर खेपेला आई तिला उचलून पायऱ्या चढायची. कार्ड आलं, आईने लॅमिनेट करून देवघराच्या फळीवर ठेवलं आणि दोन वर्षं ते तिथंच पडून, कारण त्याचं पुढे करायचं काय हे कोणी सांगितलंच नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो, हे सगळं कळलं ते एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून!

मावसभाऊ मेलबर्नला असतो. तिकडे 2013 पासून एनडीआयएस ही दिव्यांगांसाठीची सरकारी स्कीम आहे, त्यात ज्याला गरज त्याच्या मंजूर पैशातच सपोर्ट कोऑर्डिनेटरची फी धरलेली असते. हा कोऑर्डिनेटर मंजूर झालेला प्लॅन समजावतो, थेरपिस्ट शोधायला मदत करतो, एखादी सेवा मध्येच बंद पडली तर दुसरी बघतो, आणि हळूहळू घरच्यांना स्वतःचं स्वतः जमेल असं शिकवतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे तालुक्याला असा एक तरी पगारी माणूस द्या, आशाताईंवर आणखी बोजा नको. आणि तो ऑफिसात बसणारा नको, वाडीवर येणारा हवा, पावसात आमच्या वाडीतून स्टँडपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो हो.

– एक भाऊ, गुहागर तालुका