अवकाश विषयावरची प्रूफ नाणी : रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक आहे. मेहकर-लोणारकडच्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीनेच निघावे.

या वेळी अपोलो ११ चे चांदीचे प्रूफ (म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले) डॉलर नाणे बघायला मिळेल. चंद्रावरच्या पहिल्या पावलाला ५० वर्षे झाली म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये ते काढले. नाणे बशीसारखे वळलेले आहे. खोलगट बाजूला बुटाचा ठसा, फुगीर बाजूला अंतराळवीराच्या हेल्मेटची काच. उजेडात जरा तिरपे धरून बघा, डोळे निवतात!

कळकळीची विनंती, नाण्याची डबी कोणी उघडू नये. प्रूफ नाण्याची चकाकी पॉलिश केलेल्या साच्याने एकाहून जास्त ठोके देऊन आलेली असते. मऊ फडक्याने पुसले तरी ओरखडे उमटतात आणि ते कायमचे राहतात.

घरच्या नाण्यांचेही बघा. आपल्याकडे फवारणीचे गंधक आणि कपाट बरेचदा एकाच खोलीत असते. गंधकाने चांदी काळी पडते, त्यामुळे नाणी दुसऱ्या खोलीत हलवा. रबरबँडही लावू नका, त्यातही गंधक असते.

नव्या पोरांनी महागड्या नाण्यांच्या मागे लागू नये. घरात जुनी दोन रुपयांची नोट असेल तर घेऊन या. तशा काही नोटांच्या मागे १९७५ मध्ये सोडलेला आर्यभट्ट उपग्रह आहे.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावे, चहा-पोह्यांचा अंदाज घ्यायचा आहे.